हद्दीपलीकडील पाहुणचार

शहाद्याहून खेतियामार्गे बडवानीकडे जाताना परप्रांत लागतो. बडवानी संस्थान १९४८ साली विलीन झाले, १९५६ साली तो मुलूख मध्य प्रदेशात गेला. दप्तरी हद्दी बदलल्या, घरचा रिवाज मात्र तोच राहिला. आम्ही चौघे स्नेही मोटारीने जात असता एका बारेला शेतकऱ्याच्या अंगणी थांबलो. आपल्याकडील पावरा बांधवांचेच हे सोयरे. ओळख नसता त्याने खाट टाकली, पाणी दिले, ज्वारीची भाकर व उडदाची डाळ वाढली. पैसे देऊ करताच हात जोडले.

वाचकहो, याच डोंगरांतील माणसे वेचणी-कापणीस आपल्या शेतावर येतात. त्यांस सावली, पिण्याचे पाणी व ठरलेली मजुरी वेळेवर देणे हा उपकार नव्हे, शेजारधर्म होय.