उतारवयात राहते घर विकताना

आपल्या समाजातील पहिली पगारदार पिढी रेल्वे, गिरणी, पोस्ट, महापालिका अशा ठिकाणी चिकटली. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून, सोसायटीच्या पतपेढीचे हप्ते भरून त्या पिढीने 1975 ते 1990 च्या दरम्यान कल्याण, अंबरनाथ, विक्रोळी, मुलुंड अशा उपनगरांत घरे घेतली. गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसाला स्वतःच्या नावाची पाटी दारावर लागणे ही केवढी गोष्ट होती, हे आजच्या मुलांना सांगून समजत नाही. तीच माणसे आता पंचाहत्तरी-ऐंशीला आली. मुले पुण्याला, बंगळुरूला गेली. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि गुडघे तर कामातून गेलेले.

घर विकायचे म्हटले की आपल्याकडे लोक कुजबुजतात, "काय हो, काही अडचण आहे का?" घर विकणे म्हणजे घराणे बुडणे, अशी समजूत आहे. परंतु स्वतः बाबासाहेबांनी खारला बांधलेली 'चार मिनार' ही इमारत पुढे विकली आणि ग्रंथांसाठी बांधलेले दादरचे 'राजगृह' तेवढे राखले. काय ठेवायचे आणि काय सोडायचे याचा निर्णय ज्याचा त्याने, हातपाय चालत असताना करावा, एवढाच बोध आम्ही त्यातून घेतला.

आमच्या वडिलांनी 1986 साली घेतलेले कल्याण पूर्वेचे तीन खोल्यांचे घर आम्ही डिसेंबर 2024 मध्ये विकले. वडील दोन वर्षे तयार नव्हते. शेवटी आईच म्हणाली, "मी वर्षातून दोनदा खाली उतरते, बुद्ध पौर्णिमेला आणि सहा डिसेंबरला. मग हे घर आहे की तुरुंग?" त्यानंतर वडील काही बोलले नाहीत.

पहिली गोष्ट कागदांची. घर कुणाच्या नावावर आहे, शेअर सर्टिफिकेट कुठे आहे, मूळ करारनामा नोंदणीकृत आहे का, हे आधी पाहावे. आमच्या शेजारच्या बाई पतीच्या पश्चात नॉमिनी होत्या. नॉमिनी म्हणजे मालक अशी त्यांची खात्री होती. तसे नाही. नॉमिनीच्या नावे सोसायटीत सभासदत्व होते, पण वारसांचा हक्क जात नाही. बौद्धांना वेगळा वारसा कायदा आहे असेही अनेकांना वाटते. 1956 चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर त्याची आई, पत्नी, मुलगे आणि मुली यांचा सारखा वाटा असतो. लग्न होऊन गेलेल्या मुलींच्या सह्या राहिल्या म्हणून त्या बाईंचा व्यवहार सात महिने अडला. वडील हयात असताना विक्री झाली म्हणून आमचे ते संकट टळले.

दुसरी गोष्ट कराची, आणि इथे लहान घर घेणारा हमखास फसतो. घर विकून दोन वर्षांत दुसरे घर घेतले की कर नाही, एवढेच ऐकीव ज्ञान असते. खरे असे की नफ्यातील जेवढी रक्कम नव्या घरात गेली तेवढीच सुटते. घर लहान घेतले, स्वस्त घेतले, की उरलेल्या नफ्यावर कर आहेच. तो टाळायचा तर विक्रीनंतर सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी संस्थांच्या रोख्यांत 50 लाखांपर्यंत गुंतवता येतात, पण ते पैसे पाच वर्षे अडकतात. 1 एप्रिल 2001 पूर्वीच्या घराची त्या दिवशीची किंमत नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घ्यावी, म्हणजे 1986 सालची क्षुल्लक किंमत धरली जात नाही. 23 जुलै 2024 पासून दर साडेबारा टक्के झाला. त्याआधी घेतलेल्या घरांना महागाई निर्देशांकासह वीस टक्के हा जुना हिशेबही करून पाहता येतो, आणि जो कमी तो भरावा. नवे घर लगेच मिळत नसेल तर विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी पैसे बँकेतील 'कॅपिटल गेन्स' खात्यात ठेवावे लागतात. काउंटरवर बसून आम्ही पाहतो, लोक साधी मुदत ठेव करतात आणि जुलैत धावत येतात.

गिऱ्हाईक काही रक्कम रोख देतो म्हणेल. घेऊ नये. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रोख घेतल्यास तेवढाच दंड घेणाऱ्याला बसू शकतो.

आता नाजूक विषय. पैसे आले की मुले जवळ येतात. खोटे कशाला बोला, आम्हीही मागितले. आमच्या घराचे कर्ज फेडले तर महिन्याचा हप्ता वाचेल, असा हिशेब आम्ही कागदावर मांडून वडिलांपुढे ठेवला. बँकेतल्या माणसाचा हिशेब, चुकीचा कसा असेल! वडिलांनी तो शांतपणे वाचला, घडी केला आणि म्हणाले, "तुझा हप्ता वाचेल, माझा काय वाचेल?" आम्हाला राग आला, चार दिवस बोललो नाही. नंतर विचार केला की याच काउंटरवर मुलाच्या शेजारी उभे राहून मुदत ठेव मोडण्याच्या फॉर्मवर थरथरत सही करणारे किती म्हातारे आपण पाहिले!

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे: एक उपभोगाला, दोन व्यवसायाला, चौथा आपत्तीसाठी. वडिलांनी नव्या घरानंतर उरलेले पैसे आपल्या परीने तसेच लावले. व्यवसाय नाही म्हणून व्याज देणारे दोन भाग, दवाखान्याचा एक, आणि एक हातखर्चाला. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 2023 पासून एका व्यक्तीला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. बँकेतील ठेवीचा विमा 2020 पासून प्रत्येक बँकेत 5 लाखांपर्यंत आहे, म्हणून सर्व पैसे एकाच बँकेत ठेवू नयेत, आमच्या बँकेतसुद्धा. मुलाला घर बक्षीस द्यायचेच असेल तर 'सांभाळ करीन' ही अट दस्तात स्पष्ट लिहावी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार ती अट मोडल्यास न्यायाधिकरण दस्त रद्द करू शकते.

तीन खोल्यांचा संसार दीड खोलीत बसवणे हे मात्र कुठल्याच कायद्यात नाही. लोखंडी पलंग, पितळी हंडे, पाटा-वरवंटा यांवर आठवडाभर वाद झाला. पाटा राहिला, पलंग गेला. मोठा प्रश्न पुस्तकांचा होता. शासनाने 1979 पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड वडिलांनी पगारातून एकेक करून जमवले होते. मराठी भाषणांचा अठरावा खंड त्यांनी ठेवला, बाकीचे रिक्षात घालून संघाच्या वाचनालयात दिले. आता आई तळमजल्याच्या दारात उभी राहून भाजीवाल्याशी घासाघीस करते, आणि वडील दर रविवारी वाचनालयात जाऊन रजिस्टरवर सही करून आपलेच पुस्तक आठ दिवसांसाठी घरी आणतात.