आई घरात कुठे आहे, हे यंत्राला कसं कळतं?

मुलगा पुण्यात नोकरीला आणि आई सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरात एकटी. अशी घरं आता खेडोपाडीही आहेत. आईने फोन उचलला नाही की मुलाचा जीव टांगणीला लागतो. म्हणून काहीजण घरात सेन्सर बसवून घेतात. ते कसं काम करतं, हे आज समजून घेऊ.

रस्त्यावर आपला मोबाइल उपग्रहांच्या संदेशांवरून जागा ओळखतो. जाड भिंतींच्या आत ते संदेश नीट पोचत नाहीत. घरात वेगळी सोय लागते.

एक प्रकार भिंतीवरच्या छोट्या डबीचा. अंगाची ऊब हलली की तिला कळतं. साध्या डबीत कॅमेरा नसतो, फोटो निघत नाही. रात्री न्हाणीघरात हालचाल झाली आणि नंतर बराच वेळ कुठेच काही हललं नाही, तर मुलाच्या मोबाइलवर निरोप जातो. पण ऊब आईची की नातवाची, हे डबीला कळत नाही.

दुसरा प्रकार मनगटावरच्या पट्ट्याचा. खोलीखोलीतली यंत्रं त्याचा ब्लूटूथ संदेश पकडतात. जिथे तो जोरात येतो, तिथे आई. पण आंघोळीला पट्टा काढून ठेवला तर? ओल्या फरशीवर पाय घसरायची भीती नेमकी तिथेच!

विकत घेण्याआधी विचारा: वीज किंवा इंटरनेट गेलं तर काय? माहिती कोणाकोणाला दिसते? निरोप आल्यावर धावणार कोण? मुलगा अडीचशे किलोमीटरवर. आधी पोचेल ती शेजारीण. तिच्याकडे किल्ली हवी, आणि दाराला आतून कडी नको, बाहेरून उघडणारं कुलूप हवं.

सगळ्यांत आधी आईला विचारा. ती रात्री किती वेळा उठली, हेही यातून दिसतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. त्यासाठी न्यायालयात गेलेले निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी तेव्हा नव्वदीपार होते. म्हातारपणी लाज-अब्रू, आवड-निवड संपत नाही.

यंत्र परवडत नसलं तरी न्हाणीघरात धरायला दांडी, रात्री बारीक दिवा आणि रोज सकाळी एक हाक, एवढं करता येतं. गटाच्या पुढच्या बैठकीत एकट्या राहणाऱ्या आजींची यादी करा. किल्ली कोणाकडे, तेही लिहा. ज्येष्ठांसाठी मोफत हेल्पलाइन १४५६७, रुग्णवाहिकेसाठी १०८. दोन्ही नंबर त्यांच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.