गाडी घेतली, आता भाडे कोठून आणायचे?
वसई-विरारच्या नव्या टेम्पोमालकांसाठी काही हिशेबाच्या गोष्टी

२००५ साली टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, बाजारात आला आणि थोड्या भांडवलाच्या माणसालाही गाडीमालक होणे शक्य झाले. वसई-विरार भागात आपले अनेक तरुण या धंद्यात उतरतात. कोणी कारखान्यातली नोकरी सोडतो, कोणी दुसऱ्याची गाडी चालवता चालवता स्वतःची घेतो. गाडी मिळणे आता अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते भाडे मिळणे. हप्ता ठरलेल्या तारखेला द्यावाच लागतो, भाडे मात्र ठरलेल्या तारखेला येत नाही. या ओढाताणीत नवा माणूस हाती येईल ते भाडे घेत सुटतो. गाडी रोज पळते आणि वर्षाखेरीस हाती काही राहत नाही. हे का होते व कसे टाळावे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

माल कोठे आहे?

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, गौराईपाडा, चिंचपाडा या पट्ट्यात लहान लहान गाळ्यांची दाटी आहे. इंजिनिअरिंग, प्लास्टिक, पॅकिंग अशी नाना प्रकारची कामे तेथे चालतात. एका गाळ्यात सगळे काम पुरे होत नाही. एकाने कापलेला माल दुसऱ्याकडे प्लेटिंगला आणि तिसऱ्याकडे पावडर कोटिंगला जातो. या प्रत्येक फेरीला टेम्पो लागतो आणि लहान गाळेवाल्याला स्वतःची गाडी ठेवणे परवडत नाही.

त्यापुढचा माल चार दिशांना जातो. मुंबई-अहमदाबाद महामार्गाने उत्तरेला बोईसर-तारापूरची एमआयडीसी आणि पुढे गुजरातेतील वापी; दक्षिणेला मुंबई; चिंचोटी-कामण रस्त्याने भिवंडीची गोदामे; घोडबंदर-ठाणे मार्गे न्हावा शेवा बंदर. नव्या गाडीमालकाने आधी यातल्या एक-दोन दिशा पक्क्या कराव्यात. सगळीकडे जाणाऱ्याची कोठेच ओळख होत नाही.

भाडे मिळण्याच्या चार वाटा

पहिली वाट नाक्याची. गाडी उभी करून गिऱ्हाइकाची वाट पाहायची. ओळख नसताना पहिली भाडी येथेच मिळतात, पण दर पडलेला असतो आणि अर्धा दिवस उभे राहण्यात जातो.

दुसरी वाट दलालाची आणि ट्रान्सपोर्टवाल्याची. त्यांच्याकडे माल कायम असतो, मात्र ते आपले कमिशन कापून घेतात. मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांच्या बुकिंग ऑफिसला गाळ्यांतून माल आणून देण्यासाठी लहान गाड्या लागतात. नव्या माणसाला हे काम चांगले, कारण या निमित्ताने कोणत्या गाळ्यातून कोणता माल कोठे जातो हे कळते.

तिसरी वाट मोबाइलवरची. २०१४ साली सुरू झालेल्या ‘पोर्टर’सारख्या सेवांमधून मुंबई परिसरात लहान गाड्यांना भाडी मिळतात. रिकामा वेळ भरून काढायला त्या उपयोगी पडतात, पण तेथे दर आपण ठरवत नाही आणि गिऱ्हाईकही आपले होत नाही.

चौथी वाट स्वतःच्या पार्टीची. आमच्या मते खरा धंदा हाच. पहिल्या तीन वाटा येथपर्यंत पोहोचण्यासाठी आहेत. त्यासाठी गाळ्यात जाऊन नुसते शेठला भेटून भागत नाही. गाडी कोणाची बोलवायची, हे बहुधा डिस्पॅच पाहणारा क्लार्क किंवा सुपरवायझर ठरवतो. त्याच्या हाती एक साधे कार्ड द्यावे: गाडी कोणती, हौद्याची लांबी-रुंदी किती, वजन किती नेते, कोणत्या दिशेला जाते आणि फोन नंबर. गाळ्यांतला माल पुष्कळदा संध्याकाळी बिल झाल्यावर निघतो, म्हणून त्या वेळेला आपण हजर असावे.

तातडीचा माल

अमेरिकेत पिकअप गाडीला ट्रेलर जोडून लहान पण तातडीचा माल नेणाऱ्यांना ‘हॉटशॉट’ म्हणतात. मशीन बंद पडले असते, सुटा भाग आजच हवा असतो, मोठा ट्रक भरण्याची वाट पाहणे शक्य नसते. असे काम आपल्याकडेही आहे. वापीच्या कारखान्याची डाय दुरुस्त होऊन रात्रीच परत हवी असते, किंवा न्हावा शेव्याला कंटेनरमध्ये जाणारी शेवटची दहा खोकी मागे राहिलेली असतात. अशा वेळी दर चांगला मिळतो. पण समोरचा अडला आहे हे पाहून दुप्पट मागणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावले जात नाही. दिवसाचा, रात्रीचा आणि हॉल्टिंगचा दर आधीच ठरवून लिहून द्यावा. दुसऱ्याचा माल ही अमानत आहे. ती वेळेवर पोहोचवणाराच लक्षात राहतो.

परतीचा हिशेब

नवा माणूस फसतो तो येथे. समजा वसईहून वापीला पिकअप न्यायची आहे. अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन अडीचशे. गाडी लिटरला साडेबारा किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये धरले, तर डिझेलचे १,८०० झाले. टोलचे ५०० धरा. महिन्याचा हप्ता १५,००० आणि विमा, टायर, दुरुस्ती यांचे ७,५०० मिळून २२,५००. कामाचे दिवस २५, म्हणजे रोजचे ९००. आपली स्वतःची मजुरी ८००. एकूण खर्च ४,००० रुपये.

आता दलाल ३,५०० रुपये देतो. जातानाचे डिझेल ९०० रुपयांचेच म्हणून हे भाडे फायद्याचे वाटते, प्रत्यक्षात ५०० रुपयांचा तोटा आहे. त्याच दिवशी वापीहून २,००० रुपयांचे परतीचे भाडे मिळाले, तर १,५०० रुपये सुटतात. पण त्या भाड्यासाठी एक दिवस थांबावे लागले, तर ९०० आणि ८०० असा १,७०० रुपयांचा खर्च वाढतो आणि पुन्हा २०० रुपये खिशातून जातात. तात्पर्य, परतीच्या भाड्यासाठी काही तास थांबावे, दिवस घालवू नये. निघण्यापूर्वीच वापीच्या दोन-तीन ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन करून ठेवावा. आकडे ज्याचे त्याने आपल्या गाडीप्रमाणे बदलावेत, हिशेबाची रीत मात्र हीच.

कागदपत्रे

मालासह एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ६६व्या कलमाप्रमाणे परमिट लागत नाही. त्याहून मोठ्या गाडीला लागते, आणि वापीला जायचे तर ते गुजरातेत चालणारे हवे. जास्त वजन भरल्यास १९४व्या कलमात २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहेत. एका जादा खोक्यापायी महिन्याची कमाई जाऊ शकते.

परराज्यात ५०,००० रुपयांवरचा माल नेताना ई-वे बिल लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाखाची आहे. बिलावर आपल्याच गाडीचा नंबर आहे ना, हे पाहिल्याशिवाय गाडी हलवू नये. गाडीच्या विम्यात आतला माल धरलेला नसतो, हेही ध्यानात ठेवावे. मालाचा विमा कोणी उतरवायचा, हे पार्टीशी आधीच बोलून घ्यावे.

उधारी

भाडे नसल्यामुळे जितक्या गाड्या बंद पडतात, तितक्याच भाडे अडकल्यामुळेही पडतात. निदान डिझेलपुरते पैसे आगाऊ घ्यावेत. माल उतरला की पोच पावतीवर सही-शिक्का घ्यावा. त्याशिवाय बाकी मागता येत नाही. गाडीमालकाने ‘उद्यम’ नोंदणी करून घ्यावी, ती मोफत होते. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदलेल्या लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि न दिल्यास व्याज लागते. ज्याच्याकडे दहापेक्षा जास्त गाड्या नाहीत, त्याने पॅन नंबर व लेखी घोषणा दिली, तर भाड्यातून आयकर कापला जात नाही.

शेवटी दोन गोष्टी. ज्यांचे स्वतःचे गाळे आहेत, त्या वाचकांनी टेम्पोवाल्याचे भाडे मालाच्या उधारीत अडकवू नये. त्याला आजच डिझेल भरायचे असते. आणि गाडीमालकांनी चार-पाच जणांचा आपला गट करावा. एकाची गाडी गुंतली असेल तर त्याने पार्टीला नाही न म्हणता दुसऱ्याची गाडी पाठवावी आणि दुसऱ्याने ती पार्टी फोडू नये. एवढी इमानदारी पाळली, तर एकेकट्या गाडीला न मिळणारे काम पाच गाड्यांना मिळते.