उघडं पाणी

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की सायखेड्याच्या पुलाला पाणवेली अडकल्याची बातमी येते. हिवाळा लागला की त्याच गोदावरीच्या खालच्या अंगाला, नांदूरमधमेश्वरला, परदेशी पाहुणे उतरल्याची बातमी येते. या दोन बातम्यांच्या मधल्या काळात तिथलं पाणी पाखरांना उतरण्याजोगं कोण करतं, हे बघायचं म्हणून ऑक्टोबर सरता सरता मी तिथल्याच चापडगावच्या काठावर गेले.

पाणी दिसण्याआधी वास आला. पाणवेलीचं पान तकतकीत, फूल जांभळं, देखणं. ती उपटून काठावर टाकली की मात्र मुळांचे काळे झुपके उघडे पडतात आणि त्यांनी धरून ठेवलेला मैला नाकात शिरतो. नुसत्या चिखलाचा वास मला ठाऊक आहे. हा गटाराचा होता. नाशिक शहराचं सांडपाणी गोदावरीतूनच इथवर येतं आणि या वेलीचं खरं खत तेच.

छातीभर पाण्यात एक माणूस उभा होता. पन्नाशीचा, हातात विळा. अंगाला खाज सुटते म्हणून खोबरेल तेल चोळून उतरलेला. वेलीचा सलग थर तो कापत होता, सुटलेल्या तुकड्याला दोर बांधत होता आणि काठावरची चार पोरं तो तुकडा ओढून घेत होती. कामाची रीत एवढीच. त्याचा हात मात्र बघत राहावा असा होता. कुठं मुळं गुंतलीत, कुठं थर सैल आहे, हे त्याला पाण्याखाली न बघता कळत होतं.

“पंधरा दिवस, ताई,” तो म्हणाला. “पंधरा दिवसांत दुप्पट होतंय हे. आज एक गुंठा ठेवला तर पंधरा दिवसांनी दोन.”

हे त्याचं अनुभवाचं गणित आहे आणि ते खरं आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती ऊब आणि सांडपाणी मिळालं की साधारण तेवढ्याच काळात दुप्पट होते. खोडाचा एक तुकडा पाण्यात राहिला तरी त्यातून नवं रोप फुटतं. बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. म्हणजे या माणसाला दर पंधरवड्याला मागच्या वेळेइतकंच काम नव्यानं करावं लागतं आणि तरीही पाणी फक्त होतं तेवढंच उघडं राहतं.

मुळात ही पाणथळ निसर्गानं एकट्यानं घडवलेली नाही. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर १९११च्या सुमारास बंधारा पुरा झाला तो कालव्यांसाठी. दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ त्याच्यामागे शंभर वर्षं बसत गेला. पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणकणीस आणि लव्हाळे माजले, आणि पर्जन्यछायेच्या या कोरड्या मुलखात पाखरांचं गाव वसलं. १९८६मध्ये अभयारण्य झालं. २०२०च्या जानेवारीत हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. सिंचनाच्या हिशेबात जो गाळ तोटा आहे, तोच बदकांचं ताट आहे.

म्हणूनच “गाळ काढा” ही मागणी इतकी अवघड होते. चांदोरी-सायखेड्याच्या घरांत पुराचं पाणी शिरतं, तेव्हा तिथली माणसं या बंधाऱ्याच्या फुगवट्याकडे बोट दाखवतात आणि त्यांचा संताप मी खोटा म्हणणार नाही. पण सरसकट खोल खणलं तर थापट्या आणि तलवार बदक खाणार कुठं? ही बदकं बुडी मारत नाहीत. मान खाली घालून चोच पोचेल तेवढंच पाणी त्यांच्या कामाचं. शेकाट्याला आणि तुतारीला तर घोटाभर पाणी आणि ओला चिखल लागतो. कालव्याला आवर्तन सुटलं, पातळी उतरली की तो चिखल उघडा पडतो. पाखरं कुठं बसणार, हे असं आवर्तनावर ठरतं. आणि या सगळ्यावर पाणवेलीचं झाकण बसलं की खाली उजेड जात नाही, प्राणवायू घटतो, बदकाला उतरायला जागाच उरत नाही.

मला वाटलं होतं, सगळी वेल काढायची असेल. पण एका पट्ट्यापाशी तो थांबला, विळ्यानं हद्द दाखवली आणि पोरांना म्हणाला, “हे राहू द्या.” त्या पट्ट्यावर कमळपक्षी लांब बोटं पसरून पानापानांवरून चालत होता. जांभळ्या पाणकोंबडीलाही असाच आडोसा लागतो. किती ठेवायचं आणि किती काढायचं, हे कुठल्या कागदावर लिहून त्याच्या हातात दिलेलं नव्हतं. पूर्वी मासे धरायचा, तेव्हापासून हे पाणी बघतोय, एवढंच तो म्हणाला. अशा नजरेला हंगामापुरती रोजंदारी मिळावी, हे मला पटत नाही. सांडपाणी बारमाही येतं, तर हे कामही बारमाही आणि पक्क्या पगाराचं हवं.

सिंहस्थ जवळ येतोय आणि गोदावरीच्या शुद्धीची चर्चा नाशकात जोरात आहे. रामकुंडातल्या पाण्याची काळजी सगळ्यांनाच आहे. तेच पाणी शहराची घाण घेऊन पुढे इथं थांबतं, पसरतं, मुरतं. शुद्धीचं मोजमाप व्हायचं असेल तर ते या काठावर, या मुळांच्या वासानं झालं पाहिजे.

दुपारी पोरं दमली. काढलेली वेल पाण्याच्या कडेलाच रचून ती सावलीकडे निघाली होती. “काका, वर उद्या नेतो,” एकजण म्हणाला.

“वरून पाणी सोडलं न् रात्रीत चढलं, तर सगळं परत आत,” तो पाण्यातूनच ओरडला. “आत्ता न्या. पार त्या बाभळीपर्यंत.”

पोरं कुरकुरत परतली आणि ओला, जड ढीग पाटीपाटीनं बाभळीकडे जाऊ लागला.