आंदोलक परिपथ

आंदोलक किंवा ऑसिलेटर हा एकदिश विद्युतपुरवठ्यापासून ठरावीक वारंवारतेचा प्रत्यावर्ती संकेत निर्माण करणारा परिपथ आहे. विवर्धकाच्या प्रदानाचा काही अंश योग्य कलेत आदानाकडे परत दिल्यास आणि या पूर्ण फेरीतील विवर्धन किमान एक असल्यास आंदोलने टिकून राहतात.

अभिकल्प

सांगली व सातारा परिसरात ऐकल्या जाणाऱ्या आकाशवाणीच्या सांगली केंद्राची मध्यम लहरींवरील वारंवारता १२५१ किलोहर्ट्झ आहे. सुपरहेटेरोडाइन रेडिओत मध्यस्थ वारंवारता बहुधा ४५५ किलोहर्ट्झ असते. त्यामुळे हे केंद्र लावताना संचातील आंदोलक १२५१ + ४५५ = १७०६ किलोहर्ट्झवर चालावा लागतो. त्यासाठीचे सूत्र असे:

वारंवारता = १ ÷ (२ × पाय × √(प्रवर्तकता × धारिता))

वेटोळ्याची प्रवर्तकता १०० मायक्रोहेन्री घेतल्यास धारिता सुमारे ८७ पिकोफॅरड येते.

सदृशीकरण

स्पाइससारख्या संगणकप्रणालीत परिपथ जोडणीपूर्वीच तपासता येतो. प्रत्यक्ष परिपथात सूक्ष्म विद्युत गोंगाटातून आंदोलने सुरू होतात; आदर्श प्रतिकृतीत तो गोंगाट नसल्याने ती स्तब्ध राहू शकते. म्हणून आरंभी धारित्राला थोडा विद्युतदाब द्यावा लागतो. येथे एका आंदोलनास सुमारे ०.५९ मायक्रोसेकंद लागतात. गणनेचा कालखंड त्याच्या पन्नासाव्या भागाहून, म्हणजे सुमारे ०.०१ मायक्रोसेकंदाहून, मोठा नसावा.

मर्यादा

सदृशीकरण केवळ आराखड्यात दाखवलेल्या घटकांचाच विचार करते. तारा व ट्रान्झिस्टर यांची अनाहूत धारिता १० पिकोफॅरड असल्यास वारंवारता सुमारे १६१६ किलोहर्ट्झपर्यंत उतरते. मग संच १२५१ ऐवजी ११६१ किलोहर्ट्झवर लागतो आणि सांगली केंद्र ऐकू येत नाही. याकरिता परिपथात जुळवणीयोग्य धारित्र, म्हणजे ट्रिमर, ठेवतात.