सामायिक संगणकावरील गृहनिर्देशिका आणि तिचे संरक्षण

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. निगमाचे मुख्यालय मुंबईत फोर्ट भागात, महात्मा गांधी मार्गावरील विदेश संचार भवनात होते. गिरगावातला किंवा दादरचा ग्राहक मोडेमने दूरध्वनी जोडी आणि त्याचे खाते ‘शेल’ प्रकारचे असल्यास निगमाच्या युनिक्स संगणकात प्रवेश करी. पाइन या आज्ञावलीत पत्रे वाचावीत, लिंक्स या न्याहाळकात चित्रांवाचून पाने पाहावीत, असा तो काळ होता. अशा संगणकावर प्रत्येक खातेदाराच्या फायलींसाठी वेगळी राखलेली जागा म्हणजे गृहनिर्देशिका, अर्थात होम डिरेक्टरी.

युनिक्सचा आरंभ १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी केला. वापरणारे मोजके आणि परस्परांना ओळखणारे असल्यामुळे गिरगावच्या चाळीतल्या खोल्यांप्रमाणे तेथे दारे उघडीच असत. अनोळखी खातेदारांच्या गर्दीत मात्र ही मोकळीक धोक्याची ठरते.

युनिक्समध्ये प्रवेशाधिकारांचे धनी तीन : मालक, गट आणि इतर. वाचनाचा अंक ४, लेखनाचा २ आणि कार्यान्वयनाचा १. प्रत्येकाच्या वाट्याच्या अंकांची बेरीज म्हणजे त्याचा अधिकार, आणि या तीन बेरजा मालक, गट, इतर याच क्रमाने सलग लिहितात. निर्देशिकेच्या बाबतीत या शब्दांचे अर्थ बदलतात, आणि या विषयातील सर्वांत सुंदर कल्पना मला हीच वाटते. येथे वाचन म्हणजे आतल्या नावांची यादी पाहणे, तर कार्यान्वयन म्हणजे आतून पुढे जाणे. म्हणून ७११ हा अधिकार दिला की परक्याला नाव ठाऊक असलेल्या वस्तूपर्यंत पोहोचता येते, पण आत काय काय आहे हे पाहता येत नाही.

वेब सर्व्हरला नेमके एवढेच हवे असते. पत्त्यात टिल्ड चिन्हापुढे खातेदाराचे नाव आले की सर्व्हर सहसा त्या खातेदाराच्या ‘पब्लिक एचटीएमएल’ या निर्देशिकेतले पान काढून देतो. सर्व्हर स्वतः अल्पाधिकारी खात्याखाली चालतो, म्हणजे तोही ‘इतरां’तच मोडतो. घराला ७११, पब्लिक एचटीएमएलला ७५५, खासगी निर्देशिकांना ७०० आणि पत्रांच्या फायलींना ६०० ही मांडणी त्यातूनच येते. मात्र ७११ ने केवळ यादी झाकली जाते; नेहमीच्या नावाची फाइल ६४४ वर राहिली, तर शेजारी नाव ताडून ती वाचू शकतो. त्यामुळे युमास्क, म्हणजे नव्या फायलींतून आपोआप वगळायचे अधिकार, ०७७ ठेवणे हिताचे. प्रकाशित करायच्या फायली तेवढ्या हाताने खुल्या कराव्यात.

खरी अडचण वेब सर्व्हरमार्फत चालणाऱ्या खातेदारांच्या आज्ञावलींची आहे. त्या सर्वांच्या आज्ञावली सर्व्हरच्याच नावाने चालल्या, तर एकाची आज्ञावली दुसऱ्याच्या फायलीतला माहितीकोशाचा परवलीचा शब्द वाचू शकते. कारण ती फाइल सर्व्हरला वाचता येणे भागच असते. अपाची सर्व्हरच्या १.२ आवृत्तीत, १९९७ मध्ये, ‘सूएक्झेक’ ही सोय आली. ही सोय प्रत्येक आज्ञावली त्या आज्ञावलीच्या मालकाच्या ओळखीने चालवते आणि त्याआधी तपासणी करते. आज्ञावली वा तिची निर्देशिका गटाला किंवा इतरांना लिहिण्यास खुली असेल, तर सूएक्झेक ती चालवण्यासच नकार देते.