विमान उडताना वैमानिक काय बोलतात?

संत तुकाराम नगरात राहणाऱ्याला विमान काही नवे नाही. पूर्वेला लोहगाव आहे. तुकोबांचे आजोळ ते. तिथेच पुण्याचा विमानतळ. जागा हवाई दलाची, पण प्रवासी विमानेही तिथूनच उडतात. विमान दिसले की आपण मान वर करतो आणि पुन्हा कामाला लागतो. पण ते जमीन सोडते तेव्हा आत बसलेले वैमानिक काय बोलत असतात, ठाऊक आहे का?

आधी विहिरीचे पाहू. विहीर खणताना एक गडी खाली असतो, दुसरा वर दोर धरून उभा. खालचा ओरडतो, "ओढ!" वरचा म्हणतो, "ओढतो!" मगच दोर हलतो. वरच्याने नुसते "हां" म्हटले तर? त्याने "ओढ" ऐकले की "सोड", हे खालच्याला कसे कळावे? थोडासाच फरक. पण खालच्याचा जीव त्यात अडकलेला असतो.

विमानाचेही असेच. विमानतळावर एक उंच मनोरा असतो. कोणते विमान केव्हा धावपट्टीवर यावे, केव्हा उडावे, हे तिथला माणूस रेडिओवरून सांगतो. लोहगावला हे काम हवाई दल करते. मनोऱ्याने परवानगी दिली की वैमानिकाने नुसते "बरं" म्हणायचे नाही. कोणती धावपट्टी, कशाची परवानगी, आपले विमान कोणते, सारे पुन्हा म्हणून दाखवायचे. चुकले तर मनोरा लगेच दुरुस्त करतो.

या शब्दांची किंमत फार मोठी आहे. २७ मार्च १९७७ ची गोष्ट. स्पेन देशाच्या तेनेरिफे बेटावर दाट धुके होते. एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमाने होती, एक डच आणि एक अमेरिकन. धुक्यात त्यांना एकमेकांची विमाने दिसेनात. डच विमानाने रेडिओवर सांगितले की आम्ही आता 'टेकऑफ'वर आहोत. टेकऑफ म्हणजे उड्डाण. मनोऱ्याला वाटले, हे तयार होऊन उभे आहेत. खरे तर विमान पळायला लागले होते! मनोऱ्याने थांबायला सांगितले. पण त्याच क्षणी अमेरिकन विमानही बोलले. दोन आवाज एकमेकांवर पडले. डच वैमानिकांना 'ओके' एवढेच नीट ऐकू आले. त्यांच्यातल्या एकाने शंका काढली, की समोरचे विमान बाजूला झाले नसेल का? कॅप्टन मोठा अनुभवी. तो म्हणाला, झाले आहे. पुढच्या काही क्षणांत टक्कर झाली. ५८३ माणसे गेली.

तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द रेडिओवर जपून वापरतात. उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच तो उच्चारायचा. एरवी दुसरा शब्द. आणि आणखी एक गोष्ट वैमानिकांना शिकवू लागले. हाताखालच्याने शंका गिळायची नाही, आणि वरिष्ठाने ती उडवून लावायची नाही. हे शिकवणे सोपे नाही, बरे का. आपल्या घरात तरी धाकट्याने थोरल्याला किती वेळा टोकलेले चालते?

आता विमानाच्या आत चला. पुढे दोन वैमानिक. एक विमान चालवतो, त्याची नजर धावपट्टीवर. दुसरा काटे पाहतो आणि मोठ्याने सांगतो. विमान पळू लागते. वेग दोघांच्याही पुढ्यात वेगवेगळा दिसतो. तो जुळतो ना, हे सुरुवातीलाच एकमेकांना विचारून घेतात.

मग शब्द येतो, 'व्ही-वन'. हा एक ठरवलेला वेग असतो. विमानाचे वजन, हवेची उष्णता, वारा, धावपट्टीची लांबी पाहून तो दर खेपेला नव्याने काढतात. तोवर कॅप्टनचा हात इंजिनाच्या दांड्यावर असतो. काही बिघडले तर लगेच जोर काढून विमान थांबवायचे. 'व्ही-वन' ऐकले की हात खाली! आता थांबायला धावपट्टी पुरणार नाही. दोनपैकी एक इंजिन बंद पडले तरी उडायचेच, आणि एका इंजिनावर विमान उडू शकते. पुढचा शब्द 'रोटेट'. म्हणजे नाक उचल.

पण सारे ठरल्याप्रमाणे घडतेच असे नाही. १५ फेब्रुवारी २०२० रोजी लोहगावलाच एअर इंडियाचे दिल्लीला जाणारे विमान धावपट्टीवर पळत होते. वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. वैमानिकाला समोर एक जीप आणि एक माणूस दिसला. टक्कर टाळण्यासाठी त्याने वेळेआधीच विमान उचलले. शेपटीकडचा भाग खरचटला. विमान मात्र दिल्लीला सुखरूप उतरले.

चाकांनी जमीन सोडली आणि विमान नीट वर चढू लागले, की दुसरा वैमानिक तसे सांगतो. चालवणारा म्हणतो, "गिअर अप." चाके पोटात जातात. दहा हजार फूट उंची गाठेपर्यंत कामाशिवाय दुसरे बोलायचे नाही. घरच्या गप्पा नाहीत, थट्टा नाही. थोडे वर गेले की मनोरा सांगतो, आता पुढच्या माणसाशी अमुक आकड्यावर बोला. वैमानिक तो आकडा पुन्हा म्हणतो. आपल्याकडे कोणी कोणी जाता जाता "नमस्कार"ही म्हणतात.